साडेतीन आणि पाच वर्षांच्या मुलांना घरी बायबलच्या गोष्टी कशा शिकवायच्या? जरा सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगा साडेतीनचा, मुलगी पाचची, रोज अर्धा तास घरीच बायबलच्या गोष्टी आणि त्यावर ॲक्टिव्हिटी घ्यायची असं तुम्ही ठरवलं, नेटवरून भरपूर इंग्लिश प्रिंटआउट काढले, मेंढराला कापूस चिकटवा, तारू रंगवा वगैरे, आणि दुसऱ्याच आठवड्यात मुलगा उठून पळायला लागला. मुलगी बसते, छान रंगवते, पण गोष्ट काय होती विचारलं की म्हणते "कापसाची". आता तुम्हाला वाटतंय की आपल्याला शिकवता येत नाही का, की मुलंच लहान आहेत.

दोन्ही नाही. मी बालवाडीत आणि चर्चच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या बायबल वर्गात, बरीच वर्षं याच वयाची मुलं घेतलीयेत, आणि माझं सरळ मत आहे की हाताला दिलेलं काम गोष्टीच्या आतलं असलं पाहिजे. हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीत कापूस कोणीच चिकटवलेला नाहीये. मेंढपाळाने मेंढरं मोजली, एक कमी भरलं, नव्व्याण्णव सोडून तो शोधायला गेला, सापडल्यावर खांद्यावर घेतलं आणि घरी येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावलं. मोजणं, शोधणं, उचलणं, बोलावणं ही चार कामं आहेत आणि चारही तीन वर्षांच्या मुलाला करता येतात. कापूस चिकटवताना मुलीच्या बोटांना फक्त फेव्हिकॉल कळला, म्हणून तिच्या लक्षात कापूस राहिला, यात तिची काही चूक नाही.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. आपल्याकडे बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या त्या याच भरवशावर, की आजूबाजूला जे आहे, बिया, खडे, शिंपले, पानं, माती, त्यातच शिकायचं सगळं साहित्य आहे, आणि मूल हाताने करतं तेच त्याच्या डोक्यात जातं. त्यांचा विषय बायबल नव्हता, पण पद्धत आपल्याला जशीच्या तशी लागू पडते. तेव्हा प्रिंटरची शाई वाचवा आणि आधी स्वयंपाकघरात एक चक्कर मारा.

आता एक गोष्ट पूर्ण कशी घ्यायची ते सांगते, म्हणजे बाकीच्या तुम्ही स्वतः बसवाल. सुरुवात बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातल्या हरवलेल्या नाण्यापासून करा. मेंढराच्या लगेच नंतर येते, फार कोणी मुलांना सांगत नाही, पण घरात करायला हिच्याइतकी सोपी गोष्ट नाही. एका बाईकडे चांदीची दहा नाणी असतात, एक हरवतं, ती दिवा लावते, घर झाडते, नीट शोधते, सापडल्यावर मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावून म्हणते माझ्याबरोबर आनंद करा. बस, एवढीच. त्या काळची साधी घरं अंधारी असायची, खिडक्या बारीक, जमीन मातीची, म्हणून दिवा आणि झाडू, आणि ते एक नाणं म्हणजे मजुराची जवळजवळ दिवसाची मजुरी. हे सगळं मुलांना सांगायचं नाही, पण तुम्हाला माहीत असलं की तुमच्या आवाजात ती काळजी आपोआप येते.

आधी तुम्ही स्वतः तो उतारा दोनदा वाचा आणि मग पुस्तक मांडीवर ठेवून तोंडी सांगा, वाचून दाखवू नका. पुस्तक मांडीवर यासाठी की ही गोष्ट आईने बनवलेली नाही, या पुस्तकातली आहे, हे मुलांना न सांगता कळावं. तोंडी यासाठी की तुमचे डोळे मुलांकडे पाहिजेत. तीन-चार मिनिटांच्या वर जायचं नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला घ्या, ट्यूब बंद करा, तुम्ही समईसारखा एखादा खरा दिवा तुमच्याजवळ उंचावर ठेवा आणि मुलांच्या हातात बॅटरी द्या. नाण्यांसाठी पाण्याच्या बाटल्यांची दहा मोठी झाकणं घ्या आणि त्यांना चांदीचा कागद गुंडाळा, हे गुंडाळायचं काम आदल्या दिवशी मुलांकडूनच करून घ्या, बोटांना चांगला व्यायाम होतो. खरी नाणी साडेतीनच्या मुलाच्या हातात एकटं असताना देऊ नका, ती तोंडात जातात.

मग मोजायचं. एक, दोन, तीन, प्रत्येक झाकणाला बोट लावून, मोठ्याने. दहा भरले. आता "बाई पाणी आणायला गेली" म्हणून मुलांना डोळे मिटायला लावा आणि एक झाकण खाटेखाली सरकवा. परत मोजा. नऊ! इथे थांबा, तुम्ही काही बोलू नका, मुलांच्या चेहऱ्याकडे बघा. पाच वर्षांची मुलगी लगेच "एक कमी आहे" म्हणेल, साडेतीनचा कदाचित परत मोजायला घेईल, घेऊ दे. मग एकाच्या हातात केरसुणी आणि एकाच्या हातात बॅटरी. झाडताना खरा कचरा निघाला पाहिजे, खाटेखालून धूळ, हरवलेलं पेन्सिलचं टोपण, कालची चपाती, सगळं निघू दे. झाकण सापडलं की मात्र तुम्ही खरोखर आनंदाने ओरडायचं आणि शेजारच्या काकूंना किंवा आजीला खरोखर हाक मारून बोलवायचं, त्यांना आधी सांगून ठेवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, राजगिऱ्याचा लाडू वाटायचा. हा शेवट गाळू नका. गोष्टीचा सगळा जीव त्या आनंदात आहे, एक पापी पश्चात्ताप करतो तेव्हा देवाच्या दूतांसमोर आनंद होतो असं येशू तिथे म्हणतो, आणि साडेतीनच्या मुलाला "पश्चात्ताप" समजणार नाही पण कुणीतरी सापडल्यावर सगळं घर नाचतं हे पुरतं समजतं. "देव पण आपल्याला असंच शोधतो" हे एक वाक्य बोला आणि गप्प बसा.

मुलगा म्हणेल परत लपव. परत लपवा. परत, परत. आणि हीच गोष्ट आख्खा आठवडा चालवा, हे मी अगदी आग्रहाने सांगते, कारण आपण मोठी माणसं दुसऱ्या दिवशीच कंटाळतो आणि रोज नवीन गोष्टीच्या मागे लागतो, मुलांना नवीन नको असतं, त्यांना येणारी गोष्ट हवी असते. दुसऱ्या दिवशी मुलांनी लपवायचं आणि आईने शोधायचं. मग एक दिवस तुम्ही मुद्दाम चुकीचं सांगा, "एका बाईकडे सात मेंढ्या होत्या", बघा कसे तुटून पडतात, दुरुस्त करताना आख्खी गोष्ट त्यांच्या तोंडून बाहेर येते. एक दिवस खऱ्या नाण्यावर पातळ कागद ठेवून वरून मेणखडू घासायचा, छाप उमटतो, तुम्ही शेजारी बसा. मुलीसाठी गणित इथेच आहे: दहा झाकणं मांडा, काही वाटीखाली झाका, बाहेर सहा दिसतात तर आत किती? वर्कशीटवरच्या दहा वजाबाक्यांपेक्षा हे बरं. आठवड्याच्या शेवटी मुलांनी फोनवर बाबांच्या आईला किंवा मामाला गोष्ट सांगायची, तुम्ही मध्ये बोलायचं नाही, अर्धवट सांगितली तरी.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, कधी एका जागी बसायचा नाही, वचन पाठ करायचा नाही, गोष्ट चालू असताना कायम दाराशी. ही गोष्ट झाली आणि पुढच्या रविवारी एका मुलीची चप्पल सापडेना, तर हा पठ्ठ्या कोपऱ्यातला झाडू घेऊन आला, सगळ्या बाकांखाली फिरवला, चप्पल काढली आणि सगळ्यांना म्हणाला "आता टाळ्या वाजवा". आजपर्यंत कुठल्या लेखी परीक्षेत मला इतकं स्वच्छ उत्तर मिळालेलं नाही.

तर आता पुढच्या गोष्टी, थोडक्यात.

यरीहोच्या भिंतीची गोष्ट तुमच्या पळणाऱ्या मुलासाठीच आहे. सोफ्यावर किंवा जमिनीवर रिकाम्या खोक्यांची भिंत रचा आणि ती आठवडाभर तशीच राहू द्या, घरात अडचण होईल, चालवून घ्या. यहोशवाच्या पुस्तकात लोक सहा दिवस रोज एक फेरी मारतात, तोंडातून शब्द काढायचा नाही अशी सक्त ताकीद, आणि सातव्या दिवशी सात फेऱ्या आणि मग कर्णे आणि जयघोष. तुम्हीही तसंच करा, रोज एकच फेरी, एकदम चिडीचूप. ज्या मुलाला पाच मिनिटं गप्प बसवता येत नाही तो सहा दिवस ओठांवर बोट ठेवून चालतो कारण त्याला सातवा दिवस हवा असतो. सातव्या दिवशी मात्र पोंगे, ताटल्या, आरडाओरडा, खोकी कोसळू देत. खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा.

पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बी पेरणाऱ्याची बोधकथा, घ्यायचा तर मेथी रात्रभर भिजवा. बाल्कनीच्या कठड्यावर थोडे दाणे नुसतेच टाका, एका थाळीत खडीवर मातीचा पातळ थर देऊन थोडे पेरा, थोडे तण माजलेल्या एखाद्या कुंडीत आणि थोडे चांगल्या भुसभुशीत मातीत. कठड्यावरचे पाखरं नेतील, खरंच नेतात, मुलांना ते खिडकीआडून बघू द्या. खडीवरची मेथी दोन-तीन दिवसांत मोड काढेल आणि उन्हात मान टाकेल. चांगल्या मातीतली आठवड्याभरात दोन पानांवर येते, ती वाढली की तिची भाजी करा. येशूने या दाखल्याचा अर्थ शिष्यांना वेगळा बसून सांगितला होता, शिष्य मोठी माणसं होती, तुम्ही साडेतीनच्या मुलाला कोणती माती म्हणजे कोणाचं मन ते समजावत बसू नका. त्याने पाखरू पाहिलं, सुकलेलं रोप पाहिलं, बास. अर्थ कळायच्या वयात तो आला की ही कुंडी त्याच्या आठवणीत तयार असेल.

पाच भाकरी आणि दोन मासे, एवढ्यात येशूने हजारो लोकांना जेवू घातलं ती गोष्ट, यात मिठाच्या कणकेचे मासे बनवतात, दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी, चमचाभर तेल, हळद घातली की पिवळा रंग येतो, ठीक आहे, बनवा, खाऊ मात्र देऊ नका, त्यात मीठ फार असतं. पण त्याच्या आधी खऱ्या भाकरी थापा. योहानाच्या शुभवर्तमानात त्या पोराकडच्या भाकरी जवाच्या होत्या, आपण ज्वारीच्या करू, तळहाताएवढ्या पाच, पीठ मुलांनी मळायचं, थापायच्या मुलांनी, तव्याशी तुम्ही. आणि त्यातल्या दोन दुसऱ्या कुणाच्या तरी घरी मुलांच्या हातूनच गेल्या पाहिजेत. या गोष्टीत एका लहान मुलाने स्वतःचा डबा दिला, तुमच्या मुलांनाही काहीतरी स्वतःचं देऊन बघू दे. उरलेल्या बारा टोपल्या मुलीला मोजायला मिळतीलच.

नोहाचं तारू सगळेच घेतात, त्यात मी एक गोष्ट नेहमी करते. उत्पत्तीत तारवाचं माप दिलंय, तीनशे हात लांब, पन्नास रुंद, तीस उंच, आणि हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. मुलीला स्वतःच्या हाताने पलंग मोजू द्या, मग दरवाजा. मग खाली सोसायटीत न्या आणि सांगा, मोठ्या माणसाच्या हाताने तीनशे म्हणजे साधारण एकशे पस्तीस मीटर, चला चालून बघू, आणि उंची चार मजली बिल्डिंगएवढी. मूल तोंड उघडं ठेवून वर बघतं. टबमध्ये स्टीलची वाटी तरंगवून त्यात एकेक प्राणी ठेवत किती मावतात बघायचं, हे साडेतीनचा तासभर करेल, फक्त पाण्याजवळ त्याला एकटं सोडू नका.

लहान शमुवेलाला देव रात्री हाक मारतो ती गोष्ट झोपायच्या वेळेची. दुसऱ्या खोलीतून हळू आवाजात नाव घेऊन हाक मारायची, मुलाने धावत यायचं, तुम्ही म्हणायचं "मी नाही हाक मारली, जा झोप", असं तीनदा, आणि चौथ्यांदा त्याने अंथरुणातच म्हणायचं, "बोल, तुझा दास ऐकत आहे." रूथसाठी एखाद्या चादरीवर गव्हाच्या ओंब्या किंवा काड्या पसरा आणि सरवा वेचायला लावा, वेचलेलं रूथच्या सासूला, नाओमीला, म्हणजे तुमच्या घरी आजीला, नेऊन द्यायचं. दाण्यांच्या बाबतीत एक सांगते, वाटाणे, हरभरे, शेंगदाणे या वयात नाकात-कानात जातात, घशात अडकतात, तेव्हा दाणे बाहेर असतील तोवर मोठं माणूस शेजारी, नाहीतर दाणे नकोत.

सगळ्या गोष्टी या वयाच्या नाहीत, आणि बायबलमधली आहे म्हणून लगेच सांगितलीच पाहिजे असंही नाही. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, अर्पण करायला नेतो ती मी आठ वर्षांच्या आत घेत नाही, कारण ते मूल त्यात अब्राहाम नसतं, इसहाक असतं. हेरोदाने मारलेली बाळं, मिसरातल्या पहिल्या मुलांचा मृत्यू, हेही थांबू द्या. गुड फ्रायडेला येशू मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी उठला हे सांगा, लपवू नका, चर्चमध्ये मूल क्रूस बघतंच, पण खिळे आणि रक्त यांची वर्णनं नकोत, आणि शुक्रवार सांगितला की त्याच बैठकीत रविवारपर्यंत या, मुलाला दोन रात्री थडग्यात ठेवून झोपवू नका. झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा, मात्र मनसोक्त करा, मिळाली तर नारळाची झावळी, नाहीतर कुठलीही मोठी पानं, आणि घरभर मिरवणूक.

मुलं विचारतील. "तारवाबाहेरची माणसं मेली का?" हो, मेली, आणि देवाला फार वाईट वाटलं होतं. "दावीदाने दगड मारला त्या गल्याथाला लागलं का?" हो. "देव दिसत का नाही?" मलाही दिसत नाही, पण मी त्याच्याशी बोलते. एवढं पुरतं. खोटं सांगू नका आणि लांबण लावू नका. एक मात्र हात जोडून सांगते, गोष्टीचा काठीसारखा वापर करू नका. "दूध पी नाहीतर देव रागावेल", "खोटं बोललास ना, देव बघतोय" हे घरोघरी चालतं आणि त्याने मूल घाबरून शहाणं वागतंही चार दिवस, पण ज्या देवाने त्याला नाण्यासारखं शोधलं असं तुम्ही सोमवारी सांगितलं त्याच्यापासूनच ते मंगळवारी लपायला लागतं.

वचन पाठ करून घ्यायचं तर छोटं. "देव प्रीती आहे", हे साडेतीनच्याला. मुलीला तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", पायऱ्या चढताना, एका पायरीला एक शब्द. गोष्टीत एखादी ओळ परत परत येऊ द्या आणि ती मुलांनी म्हणायची, नगरकडे ख्रिस्ती कीर्तनात लोक धृपद धरतात तसंच. टाळ असेल घरात तर द्या हातात, नाहीतर दोन झाकणं.

अक्षरांची घाई करू नका. नव्या शैक्षणिक धोरणातही पहिलीचं वय सहाच्या पुढचं धरलंय, म्हणजे मुलीला अजून वेळ आहे. तिला आवड असेल तर ताटात तांदळाचं पीठ पसरून बोटाने "न" काढू दे, नोहाचा. मुलगा त्याच ताटात नुसत्या रेघोट्या ओढेल, त्याला ओढू दे, दोघांना एकच काम एकाच दर्जाचं जमलं पाहिजे हा हट्ट सोडा. आणि अर्धा तास बसवायचा जो आकडा तुम्ही धरलाय तोही सोडा, दहा मिनिटं गोष्टीची आणि हाताच्या कामाची, बाकी दिवसभर घरात जे चालतं त्यातच ती गोष्ट परत येते, झाडू मारताना, भाकरी करताना. युट्यूबचे कार्टून मी बंदच करा म्हणणार नाही, पण गोष्ट आधी तुमच्या तोंडून व्हायला हवी, नाहीतर योनाला गिळणारा मोठा मासा त्यांच्या डोक्यात कायमचा निळा हसरा व्हेलच राहतो.

सध्यासाठी क्रम असा धरा: नाणं, मग मेंढरू, मग यरीहो, मग पेरणारा. प्रत्येकी एक आठवडा, मुलांचं मन भरलं नाही तर दोन. आणि डिसेंबर आला की गोव्यात आणि इकडे वसई-मुंबईच्या बऱ्याच घरांत नाताळच्या गोठ्यासाठी नाचणी पेरतात, त्याचं हिरवं गवत होतं, ते काम तुमच्या मुलांकडे द्या. दहा-बारा दिवस आधी उथळ ताटात माती, वर भिजवलेली नाचणी दाट पसरायची, रोज हाताने पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, ओतलं तर दाणे एका बाजूला वाहून जातात आणि गवत ठिकठिकाणी टकलं येतं.